आधी हुंगा, मग पुसा

तोंडावर सगळे त्यांना ‘काका’ म्हणत आणि पाठ वळली की ‘नाककाका’. नाक तसं बेताचंच होतं, कुणी वळून बघावं असं काही त्यात नव्हतं. पण या माणसाने एकतीस वर्षं अंतराळयानांच्या नळ्या हुंगल्या, आणि तेवढ्या पुण्याईवर नाव मिळालं. माणसाला नाव मिळायला एवढं पुरतं.

आता हुंगायचं म्हणजे सांध्याला नाक लावून बसायचं नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठला उद्योग! यानात इंधन भरायच्या आधी त्याच्या टाकीत आणि नळ्यांत हेलियम भरतात, फुग्यातला असतो तोच. हा वायू महाबिलंदर. जिथून पाणी जात नाही, हवा जात नाही, तिथून हा सटकतो. मग एक यंत्र असतं, त्याला लांब बारीक नळी असते. तिला हे लोक सोंड म्हणतात. ती सोंड प्रत्येक सांध्याभोवती फिरवायची, सेकंदाला एक बोट, त्याहून भरभर नाही. कुठे हेलियम निसटत असला तर यंत्राचा काटा हलतो. बस्स, एवढंच काम. सोपं वाटतं ना? एका यानाला अडतीस सांधे असतात, आणि काकांच्या आधीचे दोघे जण कंटाळून कारकून झाले होते.

काकांचे नियम दोन. पहिला, ‘आधी हुंगा, मग पुसा.’ सांध्यावर डाग दिसला की नीटनेटक्या माणसाचे हात शिवशिवतात. स्पिरिटचा बोळा घेऊन तो चकचकीत करतो. आणि ते स्पिरिट बारीक छिद्रात जाऊन बसतं, बुचासारखं. काटा हलत नाही, सांधा पास. दोन दिवसांनी स्पिरिट उडून जातं आणि छिद्र जिथल्या तिथे. म्हणून पुसलंच, तर एक दिवस वाळू द्यायचं, मगच सोंड लावायची. हे काकांनी किती नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्याला गणती नाही.

दुसरा नियम त्यांचा नव्हे, विद्येचाच. फॉर्मवर ‘गळती नाही’ असं कधी लिहायचं नाही. गळती नाही असं जगात काही नसतंच. थोडी असते, फार थोडी असते. म्हणून लिहायचं ‘मर्यादेत’. एकतीस वर्षं काकांनी तो एकच शब्द लिहिला. इतका, की घरीही तोच तोंडात बसला. जेवणात मीठ कसं आहे? मर्यादेत. मेव्हण्याचा स्वभाव कसा आहे? मर्यादेबाहेर.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की यांच्याच स्वयंपाकघरातला नळ अकरा वर्षं गळत होता. टप, टप, टप. बायको म्हणायची, “अहो, चंद्रापलीकडची गळती शोधता, हा नळ तेवढा बघा ना!” काका खुर्चीतूनच कान देऊन म्हणायचे, “मिनिटाला चौदा थेंब. मर्यादेत आहे.” बायको म्हणायची, “माझ्या मर्यादेचं काय?” त्यावर काका पेपर उघडायचे.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. एका मंगळवारी सकाळी जुन्या कामावरून फोन आला. पलीकडे इंधनविभागाचे प्रमुख होते, ज्यांना सगळे टाकीसाहेब म्हणत.

“काका, तुमचं शेवटचं यान.”

“त्याचं काय?”

“गळतंय.”

काकांनी पायात चपला सरकवल्या.

ते यान अडीच वर्षांपूर्वी गेलं होतं, एका बटाट्याच्या आकाराच्या खडकाकडे. खडक सूर्याभोवती फिरत होता, आणि यानाने तिथे पोचून ब्रेक लावायचा, खडकाभोवती घिरट्या घालत वर्षभर त्याचे फोटो काढायचे, असा बेत होता. ब्रेक लावायचा तर इंधन हवं. नसलं तर यान नुसतं खडकाजवळून सूं करून निघून जाणार, परत कधी न येण्यासाठी. यानावरचा कॅमेरा ज्या बाईंनी बनवला त्यांची सतरा वर्षं त्यात गेली होती. काळे केस घेऊन कामाला लागल्या होत्या, आता डोकं पांढरं झालं होतं. यान निघायच्या आधी त्यांनी काकांना विचारलं होतं, “काका, सगळं नीट आहे ना?” आणि काका, जे कधी ‘मर्यादेत’च्या पुढे जात नसत, त्या दिवशी म्हणून गेले होते, “बाई, थेंब जाणार नाही.”

कचेरीत टेबलाभोवती सात-आठ माणसं बसली होती. टाकीसाहेबांनी फळ्यावर चित्र काढलं, आणि ते तुम्हीही समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. एक टाकी. तिच्यातून दोन नळ्या निघतात, एक नंबर आणि दोन नंबर, यानाच्या दोन बाजूंना. दोन्ही नळ्यांना आपापली इंजिनं. एका नळीवर काम भागतं. ब्रेकच्या तयारीसाठी नळ्यांत आत्ताच पहिल्यांदा इंधन सोडलं होतं, आणि तेव्हापासून दोन्हींपैकी एक कुठेतरी गळत होती. प्रत्येक नळीला टाकीजवळ एक कॉक होता, पण तो एकदाच बंद होणारा. एकदा मिटला की मिटला, पुन्हा उघडणं नाही. गळकी नळी बंद केली तर टाकीतलं इंधन वाचलं, यान वाचलं. चुकून चांगली बंद केली तर संपलंच.

“यान किंचित कलतंय, त्यावरून कळायला हवं,” टाकीसाहेब म्हणाले. “पण गळतीचा धक्का इतका हलका आहे, की उन्हाचाही धक्का त्याहून मोठा. आमची आकडेमोड एक नंबर म्हणते, पण जेमतेम. नाणं उडवल्यासारखंच आहे. उद्या चारपर्यंत निर्णय घ्यायचाय. त्यानंतर ब्रेकपुरतं इंधन उरणार नाही. काका, तुम्हाला काही आठवतंय? कुठला सांधा संशयास्पद होता?”

काकांना आठवत होतं. फोन आल्यापासून दुसरं काही आठवतच नव्हतं.

“मी पुसला होता,” ते म्हणाले.

“काय?”

“कोपऱ्याचा सांधा. नळी वळते ना खाली, तो. हातमोज्याचा डाग होता त्यावर. मी स्पिरिटने पुसला आणि लगेच सोंड लावली.”

 समोर बसलेल्या दोघांना काकांनीच शिकवलं होतं, आधी हुंगा, मग पुसा. त्यांनी माना खाली घातल्या. लाज वाटायची ती काकांना, पण वाटली त्यांना.

“बायकोचा फोन आला होता,” काका सांगत राहिले. एकदा झाकण उडाल्यावर काय लपवायचं! “नळ तुटला म्हणाली, घरभर पाणी. मुख्य कॉक बंद कर म्हटलं, तर तो गंजलेला, तिला फिरेना. मी म्हटलं नळवाल्याला बोलव, आणि परत आत आलो. डोकं घरी, हात इथे. डाग दिसला, पुसला. माझ्या हाताने पुसला, मी नव्हे.”

“ते राहू द्या,” टाकीसाहेब पुढे झुकले. “कुठला कोपरा? एक नंबरचा की दोन नंबरचा?”

“दाराकडचा,” काका ठामपणे म्हणाले.

टाकीसाहेबांनी कपाळाला हात लावला. अहो, यंत्र होतं दाराशी! सोंड पलीकडच्या बाजूपर्यंत पोचत नसे, म्हणून जी बाजू हुंगायची ती दाराकडे आणत. आधी एक नंबर दाराकडे, मग क्रेनने यान उचलून फिरवायचं, की दोन नंबर दाराकडे. काकांनी आयुष्यात हुंगलेला प्रत्येक सांधा दाराकडचाच होता.

“फिरवायच्या आधी की नंतर?”

काकांनी डोळे मिटले. एक नंबर ते वरून खाली करत, त्यामुळे कोपरा शेवटी येई. दोन नंबर खालून वर करत, कारण खालच्या बुटक्या स्टुलावर बसलेलंच असे, गुडघे दुखत, उठून पुन्हा शिडी चढायची कोणी? त्यामुळे तिथे कोपरा पहिला. म्हणजे एक कोपरा यान फिरवायच्या जरा आधी आणि दुसरा फिरवल्यावर लगेच. दोन्ही वेळा तेच स्टूल, तोच कोपरा, तेच दार. फोन मधे कुठे आला? आठवेना. डोळ्यांपुढे बोळा दिसत होता, डाग दिसत होता, हात दिसत होता. आजूबाजूला पांढरं.

“फॉर्मवर वेळा आहेत की!” कुणीतरी म्हणालं.

टाकीसाहेबांनी फॉर्म वाचायला सुरुवात केली. “अकरा चाळीस, मर्यादेत. अकरा पन्नास, मर्यादेत. बारा, मर्यादेत. बारा दहा, मर्यादेत.” मग ते थांबले. “काका, बारा ते बारा पस्तीस यान क्रेनला लटकत होतं. क्रेनवाल्याच्या वहीत लिहिलंय. लटकत्या यानाला तुम्ही सोंड लावली?”

“दुसऱ्या दिवशी भरला तो फॉर्म,” काका म्हणाले. “घरी पळायचं होतं मला. सगळे तसेच भरतात.” शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, पण निघून गेलं.

टेलिफोनच्या नोंदी वर्षाने पुसून टाकतात. तो रस्ताही बंद होता.

घरी येऊन काकांनी बायकोला विचारलं, “नळ तुटला त्या दिवशी मला फोन किती वाजता केलास?”

“मी काय घड्याळ बघत होते? तोंडावर कारंजं उडत होतं माझ्या!” बायको म्हणाली. मग त्यांचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. “काय झालं हो?”

काकांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली, आणि कपाटातून एक पाकीट काढून आणलं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांनी तेव्हा लेखी तक्रार दिली होती, आणि उद्या हाच कागद आपल्यावर उलटायचा म्हणून तिने तो जपून ठेवला होता. सुंदर, गोल अक्षर. ‘आज गुरुवारी दुपारी ठीक एक वाजून दहा मिनिटांनी आपल्याकडील पाण्याचा पहिला थेंब माझ्या शब्दकोशावर पडला.’

काकांच्या अंगात जीव आला. कागद हातात धरून ते येरझारा घालायला लागले. “हे बघ, नळ तुटल्या तुटल्या तू फोन केलास. तो बाराच्या आधी असला, तर पाण्याला खाली उतरायला सव्वा तास लागला. साडेबारानंतर असला, तर अर्धा तास. पाण्याला किती वेळ लागतो एवढं कळलं की झालं! अगं, मोजता येईल! पाणी ओतायचं, आणि हेडमास्तरांना घड्याळ घेऊन खाली बसवायचं!”

“अहो, पण ती फरशी आपण मग उखडून नवीन केली ना. पाणी मुरू नये म्हणून खाली तो काळा थर घातला. चार दिवस तुम्ही उकिडवे बसून त्या गवंड्याच्या नाकी नऊ आणलेत.”

“केली असेल,” काका म्हणाले. “गळती नाही असं जगात काही नसतं. जाईल कुठून तरी. वेळ जास्त लागेल, मी गणित करून घेईन.”

बायकोला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. अकरा वर्षांचं साचलेलं होतं. पण ती कपाटाकडे वळली. तिने जुन्या चादरी काढल्या.

बुधवारी सकाळी साडेनऊला काकांनी पाणी वाहून जायच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला, दारात चादरी गुंडाळून बांध घातला आणि नळ पूर्ण सोडला. खाली हेडमास्तर शब्दकोशाच्या कपाटासमोर खुर्ची टाकून, मान वर करून, हातात घड्याळ घेऊन बसले. प्रकरण काय आहे ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं, पण वेळ नोंदवायची आहे म्हटल्यावर माणूस खुलला होता. शंका नको म्हणून छताखाली त्यांनी कोरा पांढरा कागदही अंथरला होता.

पाणी दोन बोटं चढल्यावर नळ बंद केला. काका ओट्याला टेकून उभे राहिले, विजार गुडघ्यापर्यंत वर करून.

“काही?” त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली.

“काही नाही!” खालून उत्तर आलं.

अर्धा तास गेला. पाऊण गेला. बायकोने चहा आणला, तो त्यांनी पाण्यात उभ्या उभ्याच घेतला. “काही?” “कोरडं ठणठणीत!” दहा चाळीस. अकरा. काका खाली वाकले. कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवत गेले, फरशीच्या प्रत्येक फटीवरून, सेकंदाला एक बोट. कुठेतरी पाणी जरासं ओढलं जात असेल, एखादा बुडबुडा येत असेल. “जा ना,” ते पुटपुटले. “जा की रे बाबा कुठून तरी.” बायको दारात चादरीपलीकडे उभी होती. नवऱ्याला असं गयावया करताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही पाण्याची.

साडेअकराला हेडमास्तर स्वतःच वर आले. चेहरा नुसता फुलला होता. “दोन तास! एक थेंब नाही! काय काम केलंय तुम्ही! मी उगाच तक्रार केली होती हो, उगाच!” आणि त्यांनी चादरीवरून हात पुढे करून काकांचा ओला हात हातात घेतला आणि हलवला.

आयुष्यात घरची एकच गळती काकांनी बुजवली, आणि ती अशी बुजवली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते निदान वाहून तरी जातं. हे जागचं हलत नव्हतं. काका पाण्यात तसेच खाली बसले आणि रडायला लागले. हेडमास्तर गोंधळून म्हणाले, “अहो, माझं काही चुकलं का?” बायको म्हणाली, “नाही सर, तुमचं काही नाही चुकलं,” आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आली.

तीन वाजता काका कचेरीत पोचले. टाकीसाहेबांनी नुसतं बघितलं. काकांनी नकारार्थी मान हलवली.

“बरं,” टाकीसाहेब म्हणाले. “मग आकडेमोड म्हणते तेच करू. एक नंबर.”

“मी काही तरी सांगायला हवं होतं,” काका म्हणाले. “निदान खोटं तरी.”

“खोटंही एक नंबर किंवा दोन नंबरच असतं, काका.”

चार वाजता हुकूम गेला. तो यानापर्यंत पोचायला सव्वीस मिनिटं, उत्तर यायला सव्वीस. कॅमेरावाल्या बाई काकांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.  चार बावन्नला कळलं, कॉक बंद झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता टाकीचा दाब बघायचा होता. स्थिर राहिला तर जिंकलो. पहिला आकडा आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, थांबलंय वाटतं.  सहाचा आकडा सव्वापाचच्या आकड्यापेक्षा खाली होता.

म्हणजे दोन नंबर. म्हणजे यान फिरवल्यानंतर. म्हणजे फोन साडेबारानंतर आला होता आणि पाण्याला खाली उतरायला अर्धा तास लागला होता. आता सगळं कसं जुळलं, काट्याला काटा. काकांनी आपोआप गणित केलं, आणि करून झाल्यावर कळलं, की हे आता कुणालाच सांगायचं नाहीये.

दोन नंबरही बंद केली असती तर इंधन वाचलं असतं, पण ते जाळायला इंजिन उरलं नसतं. तेव्हा टाकी रिकामी होताना बघत बसणं एवढंच हातात होतं. बुंदसे गयी वो हौदसे नहीं आती, म्हणतात. इथे हौदच थेंबाथेंबाने चालला होता.

बाईंनी पिशवीतून वही काढली. “काका, जवळून जाताना खडक किती वेळ नीट दिसेल हो?”

ते काकांचं खातं नव्हतं. टाकीसाहेबांनी परस्पर उत्तर दिलं, “अकरा मिनिटं.”

“अकरा,” बाई म्हणाल्या. वर्षभराच्या फोटोंची त्यांची यादी चाळीस पानांची होती. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि एकेक ओळ खोडायला लागल्या. काकांना वाटलं, यांनी एकदा आपल्याला थोबाडीत मारावी. बाईंनी मारली नाही. त्यांना वेळ नव्हता.

निघताना टाकीसाहेबांनी एक फॉर्म पुढे केला. चौकशीचा. वर प्रश्न होता, ‘चाचणीपूर्वी सांधा पुसला होता काय?’ काकांनी लिहिलं, ‘होय. मी.’ खाली सही केली. वेळ घड्याळात बघून लिहिली, सात वाजून तीन मिनिटं.

घरी स्वयंपाकघर कोरडं झालं होतं. बायकोने एकटीने सगळं पाणी उपसून, पुसून घेतलं होतं. तिने ताट वाढलं. नळ बंद होता आणि गळत नव्हता. काका घास हातात धरून नळाकडे कान देऊन बसले.

“हेडमास्तर येऊन गेले,” बायको म्हणाली. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे देऊन गेले.” तिने एक कागद ताटाशेजारी ठेवला.

तेच गोल, सुंदर अक्षर. ‘आज बुधवार, सकाळी ९.३० ते ११.३०, माझ्या समक्ष पाहणी केली. प्रमाणित करण्यात येते की, आपल्या कामात गळती अजिबात नाही.’ खाली सही, आणि सहीखाली वेळ.

काकांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला, आणि बायकोला म्हणाले, “मीठ दे जरा.”